वेळास ते रत्नागिरी किनाऱ्याने पायी: वाटेत अचानक काय-काय समोर येतं?

धरमपेठची_पायवाट

आम्ही दोघी मैत्रिणी फाल्गुनात, होळीच्या आधीचे नऊ दिवस, वेळासपासून रत्नागिरीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणार आहोत. जमेल तिथे पायी, खाडी आली की फेरीबोट, फारच लांब पडलं तर एसटी. नागपूरहून रेल्वेने खेड, तिथून मंडणगडमार्गे वेळास. पाठीवर प्रत्येकी आठ-नऊ किलो वजन, दोघींत एक तंबू. काही रात्री घरगुती मुक्काम, काही रात्री तंबू.

जंगलात अचानक काही समोर आलं तर काय करायचं, हे पेंच-ताडोब्याच्या भागात फिरणाऱ्याला माहीत असतं. समुद्राचं तसं नाही. म्हणून प्रश्न नेमके विचारते. चालताना पाणी वाढून मध्येच अडकायची वेळ कुठे आणि कशी येते? पाण्यात आणि वाळूवर कोणते प्राणी भेटतात, आणि चावलं किंवा टोचलं तर पहिल्या अर्ध्या तासात काय करायचं? रात्री पोलिसांनी किंवा गावातल्या लोकांनी हटकलं तर? अंडी घालायला आलेलं कासव दिसलं तर? वाहून आलेली एखादी विचित्र वस्तू सापडली तर?

"काही होत नाही, बिनधास्त जा" एवढंच उत्तर कृपा करून नको. नेमकं सांगा.

खाडीकाठ

ताई, सगळ्यात आधी भरती. किनाऱ्याने चालणारे लोक अडकतात ते बहुतेक भरतीमुळे, आणि तिची वेळ तर नागपुरात घरी बसून काढता येते. कोकणातला जुना हिशेब असा: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारला पाणी पूर्ण चढलेलं. साधारण सव्वासहा तास आधी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी साडेनऊच्या आसपास. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांना हिशेब तोच. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरा, कारण तिथी घड्याळाच्या बारा वाजता बदलत नाही आणि प्रत्येक बंदराची वेळ थोडी वेगळी असते. भरतीचं छापील वेळापत्रक किंवा मोबाइलवरचं कोष्टक मिळालं तर उत्तमच. पण रेंज नसताना दिनदर्शिका कामाला येते.

आता तुमच्या नऊ दिवसांना हा हिशेब लावून बघा. षष्ठी-सप्तमीला ओहोटी सकाळी दहा-अकराला, म्हणजे पहिले दोन दिवस आठ ते बारा चालायला मोकळे. अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा भरती, ओहोटी भर दुपारी बाराला. एकादशीपर्यंत ओहोटी दुपारी अडीचवर जाते आणि पौर्णिमेला संध्याकाळी साडेपाच-पावणेसहावर. म्हणजे रोज पहाटे उठून निघायची सवय इथे चालणार नाही. शेवटच्या तीन दिवसांत सकाळी नऊ ते बारा पाणी चढलेलं असेल, तेव्हा डांबरी रस्त्याने किंवा सड्यावरून, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावरून, चाला आणि वाळू दुपारनंतर घ्या. मार्चच्या सुरुवातीला सूर्य पावणेसातच्या आत मावळतो, त्यामुळे शेवटच्या दिवशी वाळूवरचा टप्पा लहान ठेवा.

दुसरी गोष्ट, अष्टमीच्या सुमाराला भांग असते. पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. पौर्णिमेला उधाण. पाणी खूप मागे जातं आणि तितकंच वर येतं. तुमचे गणपतीपुळे ते आरे-वारे हे दिवस नेमके उधाणात येतात. अष्टमीला जो खडकाळ कोपरा सहज वळसा घालून पार करता आला, तसाच दिसणारा कोपरा त्रयोदशीला बंद असू शकतो. आदल्या दिवसाचा अंदाज दुसऱ्या दिवशी वापरू नका.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. ओहोटी आणि भरती यांच्यामधल्या सहा तासांचे बारा हिस्से केले तर पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिल्या तासात पाणी जवळजवळ हललेलं दिसत नाही. माणूस निवांत बसतो, फोटो काढतो, आणि तिसऱ्या तासाला मागची वाट गेलेली असते. म्हणून कुठलाही खडकाळ कोपरा ओहोटीच्या आधी दोन तास ते नंतर एक तास एवढ्या वेळातच पार करायचा. ओहोटी होऊन दीड तास झाला असेल तर नवा कोपरा सुरूच करू नका, मागे फिरा किंवा वर चढणारी पायवाट शोधा.

तरीही अडकलात तर खडक वाचा. कालवं चिकटलेला काळा-पांढरा पट्टा जिथपर्यंत आहे तिथपर्यंत पाणी येतंच. त्याच्या वर जिथे गवत किंवा झुडूप उगवलेलं दिसेल ती जागा कोरडी राहते. तिथे बसून राहा. पाणी पुन्हा उतरेपर्यंत काही तास जातील. घाईने कमरेएवढ्या पाण्यातून जायचा प्रयत्न किंवा जांभ्याचा सुटा कडा चढायचा प्रयत्न, या दोन चुकांनीच माणसं जातात. पाठीवर नऊ किलो असताना गुडघ्याएवढी लाटसुद्धा माणसाला पाडते. पाणी ओलांडणं टाळताच आलं नाही तर छातीचा आणि कमरेचा पट्टा आधी सोडा, म्हणजे पडल्यावर पिशवी टाकून देता येईल.

खाडीचं तोंड पायी ओलांडू नका, ओहोटीला कितीही उथळ दिसलं तरी. केळशीला भारजा, आंजर्ल्याला जोग, दाभोळला वाशिष्ठी, जयगडला शास्त्री. मध्ये खोल पाट असतो, तो वरून दिसत नाही. ओहोटीचं पाणी आणि नदीचं पाणी एकाच दिशेला, समुद्राकडे, ओढतात. कडेच्या खाजणातला, म्हणजे खाऱ्या दलदलीतला, चिखल मांडीपर्यंत पाय धरतो. चिखलात पाय रुतला तर जोर करून उपटू नका, दुसरा पाय जास्त खोल जातो. पिशवी समोर आडवी टाका, तिच्यावर पुढे झुका आणि पाय मागे-पुढे हलवत सैल करून काढा. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या फेरीबोटी गाड्यांसकट माणसं नेतात. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा. या खाड्यांच्या वरच्या, गोड्या पाण्याच्या भागात मगरी आहेत, वाशिष्ठीत तर नक्कीच. आत शिरून कपडे धुवायला काठावर बसू नका.

हेदवीला बामणघळ आहे. काळ्या खडकातली अरुंद, लांब भेग. भरतीची लाट आत कोंडली की पाण्याचा स्तंभ वर उडतो. लोक भेगेच्या ओठावर उभे राहतात, पण खडक शेवाळाने निसरडा असतो आणि एखादी लाट बाकीच्यांपेक्षा बरीच मोठी येते. पाच-सात मिनिटं लांबून बघत राहा. सगळ्यात मोठी लाट जिथपर्यंत खडक भिजवते तिथून आणखी दहा पावलं मागे उभं राहायचं.

पोहण्याबद्दल एवढंच. तलावात किंवा तरणतलावात पोहणाऱ्याचा समुद्रात घात होतो, कारण त्याला ओढ ओळखता येत नाही. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मधला पट्टा शांत, जरा गडद दिसतो आहे, तर पाणी तिथूनच परत आत जातंय. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे थेट हात मारू नका. किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, लाटा फुटताना दिसतील तिथून परत या. दुसरीने मदतीला पाण्यात उडी घ्यायची नाही. रिकामी पाण्याची बाटली, झोपायची फुगवायची गादी, दोरी, तरंगणारं जे असेल ते फेकायचं आणि आरडाओरडा करायचा. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला उतार एकदम आहे, दरवर्षी तिथे माणसं बुडतात. तिथे पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नका.

मेडिकल_चौक

वर भरतीचं छान आलंय. मी चावणं-टोचणं घेतो.

पाण्यातलं पहिलं नाव पाकट. चपटा मासा, उथळ पाण्यात वाळू अंगावर घेऊन पडून राहतो. पाय थेट त्याच्यावर पडला की शेपटीचा काटा घोट्यात मारतो. उपाय साधा आहे: पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत न्या. धक्का जाणवला की तो स्वतःच निघून जातो. काटा लागलाच तर वेदना भयंकर असते, पण हे विष उष्णतेने निकामी होतं. सहन होईल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. ज्या पायाला लागलंय त्याला गरमपणा नीट कळत नाही, म्हणून दुसऱ्या पायाने किंवा मैत्रिणीच्या हाताने पाणी आधी तपासा, नाहीतर भाजतं. पाणी निवलं की थोडं-थोडं गरम ओतत राहा. काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो, म्हणून डॉक्टरांना दाखवणं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, दोन्ही हवंच. काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर उपटायचा नाही, आहे तसा स्थिर ठेवून दवाखाना गाठायचा.

जेलीफिशचा आणि निळ्या फुग्यासारख्या ब्लूबॉटलचा डंख यात लोक दोन चुका करतात. गोड्या पाण्याने धुतात आणि वाळूने चोळतात. दोन्हींमुळे कातडीला चिकटलेल्या, न फुटलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने किंवा प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळून काढा, मग गरम पाणी २० मिनिटं. ब्लूबॉटल बहुतेक पावसाळ्यात किनाऱ्याला लागतात, २०१८ च्या पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर त्यांनी बऱ्याच जणांना डंख केले होते. फाल्गुनात शक्यता कमी. वाळूवर मेल्यासारखी पडलेली जेलीफिशही डंख करते हे मात्र लक्षात ठेवा. श्वास लागला, ओठ सुजले किंवा चक्कर आली तर वाट न बघता १०८.

समुद्री साप चपट्या, वल्ह्यासारख्या शेपटीवरून ओळखू येतो. जाळ्यातून निघून वाळूवर पडलेला सुस्त दिसतो, पण अत्यंत विषारी असतो. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनते, समुद्री सापासाठी नाही. तेव्हा काठीनेसुद्धा हात लावू नका.

खरी सावधगिरी जमिनीवर हवी. रत्नागिरीचा जांभ्याचा सडा हा फुरशांचा मुलूख. विदर्भातल्या घोणसीच्या मानाने अगदी लहान, बहुधा एक-दोन फूट, मातकट रंग, म्हणून दिसतच नाही. डिवचलं की अंगाचे वेढे एकमेकांवर घासून खरखर आवाज करतं. दिवसा दगडाखाली आणि गडग्याच्या फटीत, अंधार पडला की बाहेर. गडगा म्हणजे वाडीभोवतीची दगडी कुंपणभिंत. तिच्यावर चढू नका, तिच्यावर पिशवी ठेवू नका, तिला टेकून बसू नका. तंबूच्या कडेला ठेवायला दगड हवा असेल तर हाताने नाही, आधी काठीने उलटवायचा आणि उलटवताना दगडाची पलीकडची कड स्वतःकडे उचलायची, म्हणजे खालचं जनावर पलीकडे पळतं. संध्याकाळनंतर चप्पल घालून पाच पावलंसुद्धा नको.

चावलं तर वेळ बघून लिहा. अंगठी, पैंजण, घड्याळ लगेच काढा, कारण सूज चढते. आवळून बांधणं, कापणं, चोखणं, बर्फ लावणं, सगळं बंद. हात-पाय मोडल्यावर बांधतो तसा फळीने किंवा काठीने स्थिर करा आणि चालवू नका, उचलून गाडीत घाला. साप मारण्यात वेळ घालवू नका. दवाखान्यात गेल्यावर रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवून गोठतं का ते बघतात. फुरशाच्या विषाने रक्त गोठणं बंद होतं, लस द्यायची की नाही हे त्यावरूनही ठरतं. म्हणून "बरं वाटतंय" म्हणून निघून यायचं नाही. वाटेतले मोठे सरकारी दवाखाने: दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय, गुहागरचं ग्रामीण रुग्णालय, चिपळूणजवळ कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय, पुढे रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. चावल्यावर १०८ ला फोन करताना "सापाची लस कुठे आहे, तिथेच न्या" असं स्पष्ट सांगा.

मण्यार वेगळी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, बहुतेक वेळा दुखतही नाही. पहाटे पोट दुखणं, पापण्या जड होणं, बोलणं अडखळणं, ही खूण. तंबूची चेन पूर्ण बंद, आत जाताना-येताना लगेच बंद, एवढं केलं की प्रश्न मिटतो.

विंचवांत काळा इंगळी दिसायला मोठा, पण धोकादायक तो लहान लाल विंचू. नुसत्या वेदना असतील तर घाबरायचं कारण कमी. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, छातीत धडधड, ही लक्षणं दिसली तर हृदय आणि फुप्फुसावर परिणाम सुरू झालाय. यावर प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी जीव वाचवते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामातून जगाला कळलं. ते आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजचेच विद्यार्थी, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी डॉक्टरांनीच द्यायची, रक्तदाब बघत. तुम्ही करायचं ते इतकंच: सकाळी बूट झटकून मगच घाला. आणि एक अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च ठेवा, विंचू तिच्यात हिरवट-निळा चमकतो. झोपण्याआधी तंबूभोवती एकदा फिरवली की दोन मिनिटांत खात्री होते.

किनाऱ्यावरच्या कुत्र्यांच्या टोळ्या पहाटे आक्रमक असतात. पळू नका, पाठ दाखवू नका, चालायची काठी जमिनीकडे धरून बाजूने सरका. दात लागला, नुसतं खरचटलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. जखमेतून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही लागतं, ते प्रत्येक आरोग्य केंद्रात नसतं, म्हणून आधी विचारा. लसीचं कार्ड जपून ठेवा, उरलेले डोस नागपुरात पूर्ण करता येतात.

शेवटचं, उन्हाबद्दल. नागपूरच्या ४५ अंशांची सवय इथे फसवते. तिकडे घाम वाळतो आणि अंग गार होतं. कोकणात ३३-३४ अंशांतही दमट हवेत घाम वाळतच नाही. तहान लागायची वाट न बघता दर अर्ध्या तासाला चार-सहा घोट, आणि दिवसातून एक लिटर क्षारसंजीवनीचं.

धरमपेठची_पायवाट

खूप आभार दोघांचे. भरतीचा तक्ता आजच बनवला, आणि खरंच, शेवटचे तीन दिवस आम्ही अगदी उलटे आखले होते. आता माणसांबद्दल, वाहून आलेल्या वस्तूंबद्दल आणि कासवांबद्दल कुणी सांगेल का? आणि वाळूवर तंबू लावायचा तर कुठे?

सागरी_हद्द

पोलिसांनी हटकणं ही इथे नेहमीची गोष्ट आहे, त्यामागचं कारण समजलं की राग येत नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांची स्फोटकं रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरवली होती. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला एके-४७ रायफली असलेली बेवारस बोट लागली, आणि हरिहरेश्वर म्हणजे तुमच्या वेळाससमोर बाणकोट खाडीच्या पलीकडे. त्यामुळे रात्री वाळूवर अनोळखी तंबू आणि हलणारी टॉर्च दिसली की सागर रक्षक दलातले गावकरी चौकशीला येतात, किंवा पोलिसांना कळवतात. ते त्यांचं कामच आहे.

म्हणून दिवस मावळायच्या आत गावात जा, पोलीस पाटलांना किंवा ग्रामपंचायतीत सांगा: नाव, गाव, आज कुठे झोपणार, उद्या कुठे निघणार. आधारची प्रत जवळ ठेवा, मूळ कार्ड पाण्यापासून सुरक्षित पिशवीत. तुम्ही दोघीच आहात, तर बहुतेक वेळा पाटील स्वतःच "वाळूत नको, अंगणात लावा तंबू" म्हणतील. ते ऐका. अंगणात नळ, शौचालय आणि दिवा असतो. दारू पिऊन गाडीतून आलेली टोळकी दापोलीजवळच्या किनाऱ्यांवर शनिवार-रविवारी जास्त असतात, त्या दोन रात्री तंबू ठेवूच नका. कुणी मागे लागलं तर ११२, आणि तोपर्यंत सरळ जवळच्या दिवा असलेल्या घराच्या अंगणात शिरा. कोकणातलं कुठलंही घर अशा वेळी दार लावून घेत नाही.

भरतीरेषेवर काय-काय येऊन पडतं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली होती, कस्टम्स आणि पोलिसांनी कितीतरी दिवस वाळू पिंजून काढली. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेलं, अक्षरं छापलेलं पाकीट दिसलं तर उचलू नका, फोडू नका, पिशवीत तर मुळीच घालू नका. लांबून एक फोटो, नकाशावरची जागा नोंदवा आणि सागरी पोलिसांची १०९३ किंवा ११२. बंद पिंप, सिलिंडर, बोटीची पेटी, सगळ्याला हाच नियम. समुद्रात बोट संकटात दिसली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४.

अंबरग्रीसबद्दल जरा ठासून सांगतो. मेणासारखा, राखाडी, वासाचा गोळा, "देवमाशाची उलटी, लाखोंची आहे" म्हणून कुणी दाखवेल किंवा तुम्हालाच वाळूत सापडेल. स्पर्म व्हेल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. भारतात अंबरग्रीस जवळ बाळगणं, विकणं, नेणं, सगळा गुन्हा. "नागपूरला पोचवा, पैसे देतो" असं सांगणारा भेटला तर तिथून निघा. आणि सापडलेले बहुतेक गोळे पॅराफिन किंवा चरबीचे असतात, त्यामुळे कुतूहलापोटीसुद्धा पिशवीत घालायचं कारण नाही.

कासवमित्र_नागपूर

ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. फाल्गुनात दोन्ही गोष्टी भेटू शकतात, रात्री मादी आणि पहाटे-संध्याकाळी पिल्लं. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, वनविभाग आणि गावकरी यांनी घरटी जपायचं काम सुरू केलं आणि आज आंजर्ले, गुहागरपर्यंत संरक्षण केंद्रं आहेत.

रात्री वाळूवर ट्रॅक्टरचं एकच चाक गेल्यासारखा, दोन-अडीच फूट रुंद माग समुद्रातून वर गेलेला दिसला तर थांबा. टॉर्च बंद. मोबाइलचा पडदासुद्धा. मादी वर चढत असताना प्रकाश किंवा हालचाल दिसली तर अंडी न घालताच परत फिरते. खाली बसा, तिच्या मागच्या बाजूला, दहा-पंधरा पावलं लांब. खड्डा खणणं, शंभराच्या आसपास अंडी घालणं, वाळू लोटून अंगाने थापणं, यात पाऊण-एक तास जातो. परत जाताना तिच्या आणि पाण्याच्या मध्ये येऊ नका. ती गेल्यावर माग पुसू नका, घरट्यावर खूण म्हणून काठी तर रोवूच नका, अंड्यात जाते. पाच पावलं बाजूला तीन शिंपले ठेवा आणि गावातल्या कासवमित्राला किंवा वनविभागाच्या १९२६ वर कळवा. पहाटे ते येऊन अंडी संरक्षित जागी हलवतात. उशीर झाला तर कुत्री आणि कोल्हे घरटं उकरतात.

मादीच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायावर धातूची पट्टी दिसली तर आकडा वाचायचा प्रयत्न करा, फ्लॅश न मारता. ओडिशात २०२१ मध्ये पट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना मिळाली. ओडिशाच्या आणि कोकणच्या कासवांचा संबंध असू शकतो, हे त्या एका आकड्याने समोर आणलं. तुमची नोंद तितकीच मोलाची ठरू शकते.

पिल्लं चालताना दिसली तर उचलून पाण्यात सोडू नका, ते अंतर त्यांनी स्वतःच कापायचं असतं. ती उजेडाकडे वळतात, तेवढा तुमचा उजेड बंद ठेवा आणि कुत्री-कावळे लांब ठेवा.

डॉल्फिन किंवा देवमाशाचं पिल्लू वाळूला लागलेलं दिसलं, २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्याला लागलं होतं तसं, तर शेपटी धरून ओढू नका. डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी-वाळू जाऊ देऊ नका, बाकी अंगावर ओलं कापड टाकून भिजवत राहा, सावली करा, गर्दी मागे हटवा आणि १९२६.

आणि शिमगा! फाक पंचमीपासून, म्हणजे फाल्गुन शुद्ध पंचमीपासून, पौर्णिमेपर्यंत आणि पुढेही ग्रामदेवतेच्या पालख्या निघतात, म्हणजे तुमचे सगळे दिवस त्यातच. अरुंद वाटेवर ढोल वाजत पालखी समोरून आली तर कडेला सरा, पादत्राणं काढा, पिशवी उतरवा. पालखी नाचवताना ती एकदम मागे-पुढे झेपावते, आणि पाठीवरची पिशवी कुणाला तरी लागते. आपल्या नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत, गर्दीत उभं राहायची सवय असली तरी इथे वाट हाताएवढी असते. मुलांनी रस्त्यात दोरी धरून पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागितलं तर दहा-वीस रुपये सुटे ठेवा. पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या तिच्या चौथऱ्यावर, बसली की दर्शन घ्यायला कुणी अडवत नाही, फोटो मात्र विचारून. मुंबईहून चाकरमानी आलेले असल्याने होळीच्या दोन दिवस आधीपासून एसटी आणि घरगुती खोल्या भरलेल्या असतात, रत्नागिरीचा शेवटचा मुक्काम आणि परतीची रेल्वे आत्ताच पक्की करा.

हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो. बघायला जरूर थांबा, पण होड्यांतून मासळी आणणाऱ्या बैलगाड्यांची वाट मोकळी ठेवून. उतारावर, ओल्या वाळूत भरलेली गाडी पटकन थांबवता येत नाही.

खाडीकाठ

तंबूचं राहिलं होतं. माड आणि पोफळीखाली नको, झावळी आणि नारळ कधीही पडतात. सुरूच्या बनात वाळलेल्या फांद्या वर बघून घ्या. सगळ्यात वरची शेवाळ-कचऱ्याची रेषा शोधा. ती जर अष्टमीच्या भांगेची असेल तर पौर्णिमेला पाणी तिच्या बरंच वर येणार, म्हणून आणखी वर, जिथे वेली उगवल्यात तिथे. मुरुड-कर्द्याच्या वाळूवर रात्री गाड्या फिरवतात, दिवे बंद करूनसुद्धा. तिथे मोकळ्या वाळूवर झोपणं म्हणजे रस्त्यावर झोपणं.

साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. किराण्याच्या कापडी पिशव्या आठ न्या. प्रत्येकीत वाळू भरून तोंड दोरीने बांधायचं, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरायची, वर वाळू तुडवून घट्ट करायची आणि दोरी तिरकी तंबूकडे न्यायची. दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, पहाटे जमिनीकडून. म्हणून दार समुद्राकडे किंवा मागे नको, उत्तर-दक्षिण ठेवा. सकाळी निघताना पिशव्या मोजून घ्या, आठच्या आठ.

धरमपेठची_पायवाट

आठ पिशव्या शिवायला टाकल्या. अतिनील टॉर्च सीताबर्डीत कुठे मिळेल?

मेडिकल_चौक

नोटा तपासायची छोटी टॉर्च मागा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत असते. ३९५ नॅनोमीटरची चालते, ३६५ मिळाली तर विंचू जास्त स्पष्ट दिसतो. डोळ्यांवर मारू नका, आणि कासवाच्या वाळूवर तीही बंद.